सॉफ्टवेअर सिंथ: पट्टी दाबली की आवाज उशिरा, बफर उतरवला की कडकड

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. गिटार आणि गाणं घरी रेकॉर्ड करण्याइतपत जमतं. आता त्याखाली बेस आणि पॅड (मागे लांब धरलेले स्वर) घालायला सॉफ्टवेअर सिंथ, म्हणजे लॅपटॉपमध्येच आवाज बनवणारी वाद्यं, वापरायचे आहेत. सामान असं: चार कोअरचा विंडोज लॅपटॉप, ८ जीबी रॅम, रीपर (रेकॉर्डिंगचा प्रोग्राम), ४९ पट्ट्यांचा यूएसबी मिडी कीबोर्ड, यूएसबी मायक्रोफोन. वेगळा ऑडिओ इंटरफेस (माइक-गिटार लॅपटॉपला जोडायची पेटी) नाही. ऐकायला ब्लूटूथ हेडफोन, शिवाय एक जुना वायरचाही आहे. व्हायटल, सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड हे तीन मोफत सिंथ टाकले आहेत.

अडचणी:

१. पट्टी दाबल्यावर आवाज स्पष्ट जाणवेल इतका उशिरा येतो. बफर (एका घासात आवाजाचे किती नमुने तयार करायचे तो आकडा) ६४ केला तर उशीर थोडा कमी होतो, पण कडकड सुरू होते. सीपीयूचा आकडा तेव्हाही ३० टक्क्यांच्या आसपासच असतो, म्हणून कोडं पडलंय.

२. तिन्हींपैकी एक सिंथ रीपरच्या यादीत दिसतच नाही.

३. प्रीसेट (सिंथसोबत आलेला तयार आवाज) एकटा वाजवला की भारी वाटतो. गिटार-गाण्याखाली लावला की सगळं गढूळ.

४. स्वतःचा आवाज बनवायला सुरुवात कुठून करायची? बटणं बघूनच घाबरायला होतं.

५. यासाठी ऑडिओ इंटरफेस घ्यावाच लागेल का?

---

बफर_२५६

पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच यादीत आहे: ब्लूटूथ हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज आधी दाबून पाठवतात आणि पलीकडे उलगडतात, त्यात सहज १०० ते ३०० मिलिसेकंद जातात. रीपरमधलं कुठलंही सेटिंग हे कमी करू शकत नाही. मिक्स ऐकायला तो हेडफोन चालेल, वाजवताना नाही. वायरचा जुना काढा, कितीही फाटका असला तरी.

आता ड्रायव्हर. ऑप्शन्स, प्रेफरन्सेस, ऑडिओ, डिव्हाइस या पानावर जा. तिथे डायरेक्टसाउंड किंवा वेव्हआउट निवडलेलं असेल तर आवाज विंडोजच्या मिक्सरमधून फिरून येतो आणि वाटेत वेळ खातो. मायक्रोफोनच्या कंपनीने स्वतःचा एसिओ (कमी उशिराचा) ड्रायव्हर दिला असेल तर तो टाका. नसेल तर दोन पर्याय: रीपरमधलाच वासापी एक्सक्लुझिव्ह (विंडोजचीच थेट वाट), किंवा एसिओ४ऑल. एसिओ४ऑल हा खरा ड्रायव्हर नाही, विंडोजच्या ड्रायव्हरवर टाकलेला पूल आहे, पण सुरुवातीला पुरतो. या दोन्हींत रीपर साउंडकार्ड स्वतःच्या ताब्यात घेतं, त्यामुळे ब्राउझरमधला व्हिडिओ गप्प बसतो. तो बिघाड नव्हे.

मग बफर. हिशोब सोपा आहे, बफर भागिले सँपल रेट (सेकंदाला किती नमुने). ४४,१०० ला ६४ म्हणजे १.४५ मिलिसेकंद, १२८ म्हणजे २.९, २५६ म्हणजे ५.८, ५१२ म्हणजे ११.६, १०२४ म्हणजे २३.२. प्रत्यक्षात ड्रायव्हरची स्वतःची राखीव जागा आणि कन्व्हर्टरचा वेळ यात मिळवावा लागतो, म्हणून खरा उशीर नेहमी थोडा जास्त. पण सिंथ वाजवताना आवाज आत येत नाही, फक्त बाहेर जातो, म्हणजे एकेरीच वाट मोजायची. हवेत आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. तीन मीटरवरच्या स्पीकरचा आवाज तुमच्यापर्यंत यायलाच ९ मिलिसेकंद लागतात आणि त्याची कुणी तक्रार करत नाही. त्यामुळे ६४ च्या मागे लागू नका, २५६ वर बसा. ड्रम किंवा तुटक बेस वाजवताना अडलंच तर १२८.

सीपीयू ३० टक्के असूनही कडकड का होते, हे नीट समजून घेण्यासारखं आहे. तो आकडा सरासरी असतो. बफर ६४ असताना दर १.४५ मिलिसेकंदाला पुढचा घास तयार लागतो. सरासरी कितीही कमी असो, एकदा जरी घास वेळेवर आला नाही तरी कानाला टक् ऐकू येतं. त्यात एका ट्रॅकवरचा सिंथ आणि त्यामागचे इफेक्ट एकामागून एक चालतात, ते सहसा एकाच कोअरवर पडतात. बाकीचे तीन कोअर मोकळे बसलेले असतात आणि सरासरी छान दिसते.

रीपरची एक खासियत लक्षात ठेवा. जे ट्रॅक नुसते वाजत असतात त्यांचं काम ते आधीच करून ठेवतं. पण रेकॉर्डचं लाल बटण आणि मॉनिटरिंग (वाजवतानाच ऐकणं) चालू असलेल्या ट्रॅकचं काम आधी करता येत नाही, तुम्ही पुढच्या क्षणी काय वाजवणार हे त्याला कुठून कळणार? म्हणून लाल बटण फक्त वाजवत असलेल्या ट्रॅकवर ठेवा. पाच ट्रॅक लाल ठेवून कडकडाटाचं कारण शोधणारे बरेच जण भेटतात.

आणखी तीन गोष्टी तपासा:

– लॅपटॉप चार्जरला लावा आणि पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्स करा. बॅटरीवर प्रोसेसर वेग उतरवतो आणि नेमका नको तेव्हा उतरवतो.

– वाय-फाय बंद करून बघा. वायफाय किंवा ग्राफिक्सचा ड्रायव्हर प्रोसेसर अडवून धरत असेल तर लेटन्सीमॉन नावाचं साधन त्या ड्रायव्हरचं नाव दाखवतं.

– मास्टरवर (सगळे ट्रॅक एकत्र येतात तिथे) पुढचं बघून काम करणारा लिमिटर (शिखरं दाबणारा) किंवा लिनिअर फेज इक्यू (स्वरपट्टे कमी-जास्त करणारा) आहे का? असे प्लगइन (रीपरच्या आत चालणारे जोड-प्रोग्राम) स्वतःचा उशीर सगळ्या प्रोजेक्टला लावतात. बफर १२८ असूनही वाजवताना ओढल्यासारखं वाटतं ते बहुतेक यांच्यामुळेच. वाजवून होईपर्यंत बंद ठेवा, मिक्सला परत लावा.

सगळं रेकॉर्ड झालं की बफर १०२४ करा. मिक्स करताना उशिराने काहीच बिघडत नाही. जड सिंथच्या ट्रॅकवर राइट क्लिक करून फ्रीझ ट्रॅक टू स्टीरिओ करा. त्याचा ऑडिओ बनतो, सिंथ झोपतो, आणि बदल करायचा झाला तर अनफ्रीझ.

यूएसबी मायक्रोफोनबद्दल एक. आवाज मायक्रोफोनमधून आत आणि लॅपटॉपच्या जॅकमधून बाहेर, असं केलं तर ती दोन वेगळी उपकरणं होतात, दोघांची घड्याळं वेगळी. दोन्ही एसिओ४ऑलने जोडता येतात, पण घड्याळं एकमेकांपासून सरकत राहतात आणि मधूनच टिकटिक ऐकू येते. मायक्रोफोनला हेडफोनचं भोक असेल तर हेडफोन तिथेच लावा आणि आत-बाहेर दोन्हीसाठी तेच उपकरण निवडा.

इंटरफेसचं म्हणाल तर सिंथ वाजवण्यासाठी तो लागत नाही. मिडी कीबोर्ड आवाज पाठवतच नाही. ६० नंबरची पट्टी, ९६ जोराने दाबली, सोडली, एवढाच निरोप जातो. आवाज सगळा लॅपटॉपमध्ये बनतो. इंटरफेस घ्यायचा तो गिटारची वायर थेट लावायची आहे म्हणून, आणि त्यासोबत चांगला एसिओ ड्रायव्हर येतो म्हणून. वायरचा हेडफोन आणि २५६ एवढ्यावर काम चालत असेल तर थांबा.

---

व्हीएसटी_हमाल

दुसरा प्रश्न, थोडक्यात.

व्हीएसटी हा प्लगइनचा नेहमीचा प्रकार, व्हीएसटी३ ही त्याची नवी आवृत्ती. व्हीएसटी३ प्लगइनची जागा ठरलेली असते: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. फाइल तिथे आहे का बघा. इन्स्टॉलरला दुसरी जागा दिली असेल तर प्लगइन तिथून कॉमन फाइल्समधल्या व्हीएसटी३ मध्ये आणा, नाहीतर प्रेफरन्सेसमधल्या व्हीएसटी पानावर ती जागा जोडा. मग त्याच पानावर रीस्कॅन. स्कॅन करताना एखादं प्लगइन एकदा कोसळलं तर रीपर त्याला पुढे टाळत राहतं, त्यासाठी कॅश पुसून स्कॅन करण्याचा पर्याय वापरा.

जुन्या साइटवरून उचललेली सुटी डीएलएल फाइल असेल तर ती व्हीएसटी२ असते, क्वचित ३२ बिटची. रीपर ३२ बिटला सांभाळून घेतं, बरेच दुसरे प्रोग्राम घेत नाहीत. स्टाइनबर्गने २०१८ मध्ये व्हीएसटी२ चे नवे परवाने बंद केले, तेव्हा एकाच सिंथचे दोन्ही प्रकार मिळत असतील तर व्हीएसटी३ घ्या आणि एकच टाका. दोन्ही टाकले की यादीत जुळी भावंडं दिसतात आणि कुठल्या प्रोजेक्टमध्ये कोण होतं याचा घोळ होतो. सर्ज एक्सटीची क्लॅप (प्लगइनचा आणखी एक प्रकार) आवृत्तीही मिळते, रीपरमध्ये ती छान चालते.

सिंथ दिसतो पण वाजत नाही, असं पुढे होईलच, म्हणून आत्ताच सांगतो. प्रेफरन्सेसच्या मिडी पानावर कीबोर्ड चालू केलेला हवा. ट्रॅकचा इनपुट मिडी, ऑल चॅनल्स. लाल बटण चालू, मॉनिटरिंग चालू. एवढं असूनही मुकं असेल तर कीबोर्डसोबत आलेला सेटिंगचा प्रोग्राम किंवा सिंथची स्वतंत्र खिडकी उघडी आहे का बघा. विंडोजवर बऱ्याच ड्रायव्हरमध्ये मिडी पोर्ट एका वेळी एकालाच मिळतो, आधी आला त्याचा. कीबोर्डचा दोष की सिंथचा, हे कळायला ऑल्ट आणि बी दाबून रीपरचा पडद्यावरचा कीबोर्ड उघडा. त्याने वाजलं तर दोष बाहेरच्या वाटेवर आहे.

८ जीबी रॅमची काळजी नको. हे तिन्ही सिंथ आवाज गणिताने बनवतात, डिस्कवरून भरत नाहीत. रॅम खातात ती पियानो-व्हायोलिनची रेकॉर्ड केलेली सँपल लायब्ररी.

---

करवतलहर

चौथा प्रश्न माझ्या आवडीचा, म्हणून लांबण लावतो.

तिन्हींतला एकच उघडा: सर्ज एक्सटी. डेक्स्ड तूर्त बाजूला. तो यामाहाच्या १९८३ च्या डीएक्स७ ची नक्कल आहे: सहा ऑपरेटर (लहर बनवणारे भाग), ३२ अल्गोरिदम (त्यांच्या जोडण्या). तिथे एका लहरीने दुसरीला हलवून आवाज उजळतो, आणि एक आकडा किंचित सरकवला की घंटेचा पत्रा होतो. सुंदर आहे, पण पहिला धडा नव्हे.

सर्ज उघडला की इनिट सॉ हा प्रीसेट समोर असतो. नसेल तर टेम्प्लेट्समध्ये सापडेल. एक करवती लहर, बाकी काही नाही. ४४० हर्ट्झचा स्वर धरा. यात ४४० सोबत ८८०, १३२०, १७६० असे सगळे पटीतले स्वर असतात, दुसरा निम्म्या ताकदीने, तिसरा एक तृतीयांश, चौथा एक चतुर्थांश. म्हणून तो झणझणीत लागतो. चौकोनी लहरीत फक्त विषम पटी असतात, म्हणून ती पोकळ, लाकडी वाटते. साइनमध्ये पटी नाहीतच. कच्चा माल एवढाच. पुढचं सगळं काम तासण्याचं.

तासणी म्हणजे फिल्टर. फिल्टर १ ला लोपास (खालचं सोडणारा, वरचं कापणारा) २४ डीबी निवडा आणि एक स्वर धरून कटऑफ (कापण्याची सीमा) वरून खाली आणा. घाई न करता, अर्धा मिनिट तरी लावा. एकेक पटीचा स्वर विझताना ऐकू येतो. कटऑफच्या वर दर सप्तकाला २४ डीबी उतार, म्हणजे कटऑफ ३०० असेल तर ६०० हर्ट्झला आवाज जवळपास २४ डीबी खाली. १२ डीबीचा फिल्टर त्या मानाने हलक्या हाताचा. मग रेझोनन्स निम्म्यावर नेऊन हेच परत करा, कटऑफ जिथे आहे तिथला स्वर शिट्टीसारखा उठतो. सिंथ म्हटलं की जो आवाज डोक्यात येतो तो बराचसा हाच.

आता एन्व्हलप, म्हणजे पट्टी दाबल्यापासून आवाज कसा चढतो-उतरतो ते. चार स्लायडर: अटॅक (चढणं), डीके (उतरणं), सस्टेन, रिलीज (सोडल्यावर विझणं). इथे जवळपास प्रत्येक जण एक चूक करतो. यातले तीन काळ आहेत, सस्टेन मात्र काळ नाही, ती पातळी आहे. पट्टी दाबून ठेवल्यावर आवाज कुठे येऊन स्थिरावतो ते सस्टेन सांगतो. सस्टेन पूर्ण वर असेल तर डीके फिरवून काहीच फरक पडत नाही, कारण उतरायला जागाच नाही. माणूस डीके फिरवतो, काही होत नाही, आणि सिंथ बिघडला म्हणतो.

सर्जमध्ये दोन एन्व्हलप आधीपासून जोडलेले असतात. एक आवाजाच्या पातळीला, दुसरा फिल्टरला. फिल्टरवाल्याचा जोर किती, याचा स्लायडर वेगळा असतो आणि इनिटमध्ये तो शून्यावर असतो. तो वर घेईपर्यंत फिल्टरचा एन्व्हलप कितीही हलवा, ऐकू काही येणार नाही.

बेस करून बघा:

– प्ले मोड मोनो (एका वेळी एकच स्वर). बेसमध्ये दोन स्वर एकमेकांवर चढले की चिखल होतो.

– ऑसिलेटर (लहर बनवणारा भाग) १ करवती. ऑसिलेटर २ साइन, एक सप्तक खाली, मिक्सरमध्ये पहिल्यापेक्षा थोडा कमी.

– लोपास २४ डीबी, कटऑफ २०० हर्ट्झच्या आसपास, रेझोनन्स थोडासाच.

– फिल्टर एन्व्हलपचा जोर २४ सेमीटोन, म्हणजे दोन सप्तकं. पट्टी दाबताच कटऑफ २०० वरून ८०० ला उडी मारतो आणि परत येतो.

– फिल्टर एन्व्हलप: अटॅक शून्य, डीके २५० मिलिसेकंद, सस्टेन शून्य, रिलीज १००.

– पातळीचा एन्व्हलप: अटॅक २ ते ३ मिलिसेकंद, सस्टेन पूर्ण, रिलीज ३०.

अटॅक आणि रिलीज पूर्ण शून्य ठेवलं तर प्रत्येक स्वराला टिक् येते. लहर शून्यावर नसताना एकदम उघडली किंवा एकदम कापली, त्याचा तो आवाज. बफरची कडकड आणि ही टिक् वेगळी ओळखायची युक्ती: ही दर वेळी अगदी स्वराच्या सुरुवातीला किंवा शेवटी येते आणि बफर १०२४ केला तरी जात नाही.

बेसला डिट्यून (दोन लहरी किंचित बेसूर ठेवणं) लावू नका, आणि का ते सांगतो. दोन लहरींत १० सेंटचं (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) अंतर ठेवलं तर ४४० हर्ट्झला फरक पडतो साधारण अडीच हर्ट्झचा. सेकंदाला अडीच हेलकावे, कानाला तजेलदार वाटतं. तेच अंतर ४१ हर्ट्झच्या खालच्या ई ला ठेवलं तर फरक पाव हर्ट्झचाही नाही. म्हणजे चार सेकंदांत एकदा दोन्ही लहरी एकमेकींना खाऊन टाकतात आणि मूळ स्वरच गायब होतो. मग बेस कधी भरलेला, कधी पोकळ, आणि माणूस बिचारा कंप्रेसर लावत बसतो.

पॅड उलट्या स्वभावाचा. मोड पॉली (एका वेळी अनेक स्वर), दोन करवती ८ ते १२ सेंट अंतराने, लोपास १२ डीबी, कटऑफ १५०० हर्ट्झ, अटॅक ४००, रिलीज १५०० मिलिसेकंद. यात एकच फसगत: तालाच्या ९० गतीला एक मात्रा ६६७ मिलिसेकंदांची. अटॅक ४०० असेल तर बरोबर समेवर दाबलेला पॅड मात्रा निम्मी सरली तरी पुरता उमललेला नसतो आणि सगळं ओढल्यासारखं वाटतं. पॅडचे मिडी स्वर १५० ते २०० मिलिसेकंद आधी सरकवा.

पॅडच्या कटऑफला हळू झुलवायचं असेल तर तिथे व्हायटल सोपा. एलएफओ (बटण आपोआप हलवणारी संथ लहर) धरून कटऑफच्या चकतीवर नेऊन सोडायचा, आणि काय किती हलतंय ते डोळ्यांना दिसतं. वेग ०.१ ते ०.२ हर्ट्झ, मात्रा इतकी कमी की बंद केल्यावरच कळावं की काहीतरी होतं.

स्वरांच्या नावांचा एक घोळ: मिडी नंबर ६० ला काही प्रोग्राम सी४ म्हणतात, काही सी३. कुणी सांगितलेला स्वर एक सप्तक चुकीचा लागला तर सिंथ नाही, नाव बदललंय. नंबर बघा.

---

कोरडा_आवाज

करवतलहर यांचं सगळं मान्य, फक्त शून्यापासूनच बनवा हे पटत नाही. गाणं पूर्ण करायचं असेल तर प्रीसेट उचला आणि सोला. सोलतानाही शिकणं होतंच, आणि तिसऱ्या प्रश्नाचं उत्तरही त्यातच आहे.

प्रीसेट बनवणाऱ्याचा हेतू असतो की एक पट्टी दाबताच माणूस हरखला पाहिजे. म्हणून त्यात रिव्हर्ब, डिले, कोरस, सात-सात युनिसन (एकाच स्वराच्या किंचित सरकवलेल्या नकला) आणि एक सप्तक खालचा सब-ऑसिलेटर सगळं भरलेलं असतं. म्हणजे तो प्रीसेट एकटाच अख्खं गाणं व्यापून बसलाय. त्याखाली गिटार कुठे ठेवणार?

माझा क्रम असा. आधी सिंथमधला रिव्हर्ब आणि डिले बंद. नंतर युनिसन ७ चं २ किंवा थेट १. मग सब बंद, बेस वेगळ्या ट्रॅकवर आहे ना? मग रिलीज कमी, पुढचा कॉर्ड येईपर्यंत मागचा विझला पाहिजे. यानंतर पॅडवर १५० ते २०० हर्ट्झचा हायपास (त्याखालचं कापणारा फिल्टर). गिटारचा सगळ्यात खालचा मोकळा स्वर ८२ हर्ट्झचा, त्या परिसरात पॅडचं काही काम नाही. शेवटी कटऑफ उतरवत न्या, गाण्यातले शब्द स्पष्ट ऐकू येईपर्यंत. शब्दांची धार १ ते ४ किलोहर्ट्झमध्ये असते आणि उजळ पॅड नेमका तिथेच बसतो. इक्यूने खड्डा पाडण्यापेक्षा फिल्टर उतरवणं केव्हाही बरं.

या सोललेल्या प्रीसेटचा आवाज एकट्याने ऐकाल तर भिकार वाटेल. एकट्याने ऐकू नका. सोलो बटणाला हात न लावता, गाणं आणि गिटार चालू ठेवून काम करा. मग सगळ्यांसाठी एकच रिव्हर्ब वेगळ्या ट्रॅकवर ठेवून त्याला थोडं थोडं पाठवा.

आणि कॉर्ड कमी करा. गिटार सहा तारांनी कॉर्ड भरत असेल तर पॅडने पुन्हा तोच कॉर्ड चार बोटांनी का धरावा? दोन स्वर पुरतात, गिटारच्या वरच्या भागात.

पातळी: सिंथचे प्रीसेट बेफाम मोठे असतात, चार स्वर एकत्र आले की मीटर लाल. सिंथच्याच व्हॉल्यूमने ट्रॅकचं शिखर उणे १२ डीबीच्या आसपास आणा. फेडरला हात नंतर.

युनिसनचा सीपीयूशीही संबंध आहे, वर कडकडाटाचा विषय निघाला म्हणून. दोन ऑसिलेटर, प्रत्येकी सात युनिसन, चार स्वरांचा कॉर्ड: ५६ लहरी. रिलीज चार सेकंद आणि दर सेकंदाला नवा कॉर्ड असेल तर मागचे चार अजून विझतायत, एकूण पाच कॉर्ड, २० स्वर, २८० लहरी. पॉलिफनीची (एका वेळी किती स्वर) मर्यादा १६ असेल तर सिंथ जुने स्वर मधेच कापून नव्यांना जागा देतो, आणि शेपटी तुटल्यासारखी ऐकू येते. लोक बफर वाढवत बसतात. रिलीज कमी करा, तिथेच मिटतं. प्रोजेक्ट ९६ किलोहर्ट्झवर असेल तर हे सगळं काम दुपटीहून जास्त, ४४.१ किंवा ४८ वर ठेवा.

---

मंद्रसप्तक

सगळ्यांचे आभार. वायरचा हेडफोन मायक्रोफोनच्या जॅकला लावला, एसिओ, बफर २५६: उशीर गेला, कडकडही गेली. मास्टरवर लिमिटर होताच. न दिसणारा सिंथ दुसऱ्या फोल्डरमध्ये सापडला. बेस सांगितल्याप्रमाणे जमला, फिल्टर एन्व्हलपचा जोर शून्यावर होता हेच आधी कळत नव्हतं.

दोन नव्या गोष्टी. एक, सस्टेन पेडल लावलंय ते उलटं चालतं, पाय ठेवला की स्वर तुटतात, उचलला की लांबतात. शिवाय थांबवल्यावरही कधी एखादा स्वर वाजतच राहतो. दोन, व्हायटलचा बेस असलेलं तेच प्रोजेक्ट दोनदा रेंडर केलं (ऑडिओ फाइल बनवली) तर दोन्ही वेळचा बेस किंचित वेगळा ऐकू येतो. हा भास आहे का?

---

व्हीएसटी_हमाल

पेडल: बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती वाचतात आणि त्या क्षणाला न दाबलेलं धरतात. त्या वेळी पाय पेडलवर असेल किंवा पेडल नंतर जोडलं तर उलटं होतं. कीबोर्डची यूएसबी वायर काढा, पेडल लावा, पाय दूर ठेवा, वायर परत लावा. तरी उलटंच असेल तर पेडलच्या तळाशी पोलॅरिटीचं छोटं बटण आहे का बघा.

लटकणारा स्वर: पेडल म्हणजे मिडी कंट्रोलर ६४. किंमत ६४ किंवा वर म्हणजे दाबलेलं, ६३ आणि खाली म्हणजे सोडलेलं. पाय उचलण्याआधी रेकॉर्डिंग थांबलं किंवा क्लिप मधेच कापली, तर १२७ आत राहतो आणि ० बाहेर पडतो. सिंथला वाटतं पाय अजून खालीच आहे. मिडी एडिटरमध्ये खालच्या पट्टीवर ६४ निवडा आणि क्लिपच्या शेवटाआधी ० चा एक ठिपका टाका. तातडीने गप्प करायचं असेल तर रीपरच्या अ‍ॅक्शन यादीत सगळ्या प्लगइनना ऑल नोट्स ऑफ पाठवण्याची आज्ञा आहे, तिला एक शॉर्टकट देऊन ठेवा.

---

करवतलहर

भास नाही. व्हायटलमध्ये प्रत्येक स्वर लहरीच्या वेगवेगळ्या ठिकाणापासून सुरू होतो, फेज रँडम पूर्ण वर असतो. पॅडला ते हवंच, नाहीतर सगळे स्वर एका साच्यातले वाटतात. बेसला नको, कारण दोन ऑसिलेटर कधी जुळून येतात, कधी एकमेकांना कापतात आणि प्रत्येक ठोका वेगळ्या वजनाचा पडतो. दोन्ही ऑसिलेटरचा फेज रँडम शून्यावर आणा. सर्जमध्ये हेच काम ऑसिलेटरवरचं रीट्रिगर बटण करतं.

एलएफओ मुक्त फिरत असेल तर त्यानेही रेंडर बदलतं, त्याला प्रत्येक स्वराला नव्याने सुरू होणारा करा. पॅड मुद्दाम मोकळा ठेवलेला असेल तर दोन-तीनदा फ्रीझ करून बघा, जो फेरा आवडला तो ऑडिओ म्हणून ठेवा आणि मिक्स त्याच्यावरच करा. मिडी आणि सिंथ त्याच प्रोजेक्टमध्ये म्यूट करून राहू दे, सिंथचा प्रीसेटही वेगळ्या नावाने साठवा. पुढच्या वर्षी सिंथची नवी आवृत्ती टाकलीत आणि आवाज बदलला, तरी ऑडिओ हाताशी असतो.